कळलावीवरच्या अळ्या

देवपूर, धुळे
ता. ८ जुलै १९३२

नाशिकच्या तुरुंगात असलेल्या आमच्या घरधन्यांस देवपुराहून सुंदरबाईचा नमस्कार. इकडे जे आहेत ते बरे आहेत.

तुमचं पत्र पोचलं. वर साहेबांचा शिक्का होता आणि मधल्या दोन ओळींवर काळी शाई फासलेली होती. त्या ओळींत काय होतं कोण जाणे. बाकीचं वाचता आलं. केसरबद्दल तुम्ही लिहिलंत की ईश्वरेच्छेपुढे कुणाचं चालत नाही, मी धीर धरावा. ते एका ओळीत होतं आणि त्याखाली पान भरून बागेचं होतं.

तर बागेचं उत्तर लिहिते. मृगात नुसतं भुरभुरलं, आर्द्रात मात्र चांगला लागला. पांजरा नदीला पाणी आलं. अश्वगंधा पेरून झाली. शतावरीला काठ्या दिल्या. कळलावी सगळी उगवली. सोनगीरच्या किल्ल्याखालून तुम्ही खणून आणलेली ओळ आधी वर आली, मग नदीकडची, आणि तोरणमाळच्या कंदांची ओळ सगळ्यांत शेवटी. इसाक माळी म्हणतो की दर साली ती अशीच उशिरा येते आणि तुम्ही दर साली तिच्यापुढे उकिडवे बसून राहता.

मुलगी बरी आहे. तुम्ही विचारलं नव्हतं, पण लिहिते. केसर गेली तरी तिची मुलगी वाचली, हे मागच्या पत्रात कळवलंच होतं. जावई अभिमनराव आणि त्यांची आई तेराव्याला शिंदखेड्याहून येऊन गेले. अभिमनरावांनी एकदा टोपलीत डोकावून पाहिलं. तिला कधी न्यायचं हे कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. त्यांच्याकडे दुसरी सोयरीक बघणं सुरू झालं आहे असं कानावर आलं.

आखाजीला केसर माहेरी आली तेव्हा नववा लागला होता. एवढ्या पोटानं झोक्यावर बसू नको म्हटलं तर ऐकेना. बसली. आबा घरी असते तर रागावले असते, म्हणाली आणि हसली. झोका अजून लिंबाला तसाच आहे, काढायला हात होत नाही.

एक सांगायचं राहिलं. काल इसाकनं मला कळलावीचं एक पान उलटं करून दाखवलं. खाली बारीक बारीक अंड्यांचा पुंजका होता. शेजारच्या पानावर ती फुटली होती आणि दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या पानाचा गर खरवडत होत्या. तुम्ही असताना ही अळी दिसली की तुम्ही पहाटेपासून स्वतः वेचायचात, असं तो म्हणाला. ते मला ठाऊक आहे. केसर पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती, तेव्हाही तुम्ही आधी वेल बघून मग घरात आला होतात.

काय करायचं ते कळवा.

सुंदरबाई


देवपूर
ता. २७ जुलै १९३२

नमस्कार.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. कडुलिंबाचा पाला उकळून ते पाणी शिंपडलं. तंबाखू भिजवून तेही मारलं. चुलीतली राख चाळून पानांवर टाकली. रात्री सर आली, सगळं धुऊन गेलं.

आता त्या मोठ्या झाल्या आहेत. तुम्ही त्यांना इतकं वाढू कधी दिलं नसेल, म्हणून सांगते. अंग काळं, त्यावर पांढरे ठिपके, आणि ठिपक्यांच्या मध्ये शेंदरी. दिसायला देखण्या आहेत, लुगड्याच्या काठासारख्या. एकेका वेलावर घोळका करून असतात. हात लावला की अंगाचं वेटोळं करून खाली पडतात आणि गवतात सापडत नाहीत. पानाच्या टोकाला जो आकडा असतो ना, ज्यानं वेल काठीला धरतो, तो आधी खातात. आकडा गेला की वेलाला धरायला काही राहत नाही. वाऱ्यानं तो काठीवरून घसरतो आणि चिखलात पडतो. मग त्या निवांतपणे बाकीचं खातात.

गुरं या झाडाला तोंड लावत नाहीत. बकरीनं चुकून खाल्लं तर ती मरते. तुम्हीच आम्हाला कंदाला हात लावू द्यायचा नाहीत, लावला तर राखेनं हात घासायला लावायचात. आणि या अळ्या दिवसभर तेच विष खातात आणि फुगत जातात. त्यांना काही होत नाही.

इसाक माझ्या मागे लागला होता. म्हणाला, "अक्का, आते वेचूत. नही ते या बठ्ठा वेल खाई टाकतीन." मी त्याला कामावरून काढलं. घरात तान्ही पोर, तिचं दूध, तिचे कपडे, त्यात आणखी माळ्यावर लक्ष कोण ठेवणार. आठवडाभर तो रोज फाटकापर्यंत येऊन उभा राहायचा. मग जळगावला गेला. तिथे कापसाच्या जिनात काम लागलं आहे असं त्याची बायको सांगत होती.

तुम्ही म्हणाल की मग तू वेच. मला लवकर उठवत नाही. केसर गेल्यापासून पहाटे जो डोळा लागतो तेवढाच.

मुलीला पडसं झालं होतं, उतरलं.

सुंदरबाई


देवपूर
ता. १९ ऑगस्ट १९३२

नमस्कार.

तुमची दोन पत्रं एकदम आली. दुसऱ्यात अक्षर ओळखू येत नव्हतं, इतकी घाई केली होती. मला वाचायला तुम्हीच शिकवलंत, तेही बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहाव्या म्हणून. तेव्हा अक्षर वळणदार हवं म्हणून बोटांवर पट्टी बसायची. म्हणून सांगितलं.

निंबाभाऊंकडे जाऊन चार मुलं मागून आण, असं तुम्ही लिहिलंत. मी गेले नाही. जानेवारीत ज्यांनी तुम्हाला हार घालून, जयजयकार करत पोलिसांच्या गाडीपर्यंत पोचवलं, त्यांना आता अळ्या वेचायला या असं कोणत्या तोंडानं सांगू? गावात तुमचं नाव मोठं आहे. गुरुवारच्या सभेत तुमच्या नावाचा ठराव झाला म्हणे.

नदीकडची ओळ संपली. किल्ल्याखालून आणलेली ओळ अर्धी राहिली आहे, पण तिचेही शेंडे गेले. नुसत्या दांड्या उभ्या आहेत. आता अळ्या दांडीच्या आतला गाभा पोखरत खाली उतरतात. दांडी वरून धड दिसते आणि बोट लावलं की मोडते. मी सकाळी ओट्यावर पोरीला घेऊन बसते आणि हे बघते. दुसरं काय करणार.

गेल्या सोमवारी सोनगीरचा उखर्डू बायकोला गाडीत घालून आला. तिचं दुसरं बाळंतपण, आणि कळा लागून दिवस मावळून पुन्हा उजाडला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की देवपूरच्या वैद्यांकडे कळलावीचा कंद असतो, तो उगाळून पायाला लावला की बाई मोकळी होते. मी त्याला म्हटलं, वैद्य तुरुंगात आहेत आणि कंद माझ्याकडे नाही. तो ओट्यावर बसून रडायला लागला. मी गाडीच्या बैलांची तोंडं वळवली आणि म्हटलं, पुलावरून सरळ सरकारी दवाखान्यात ने, वाटेत कुणी काही म्हणालं तर ऐकू नको. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. मुलगा झाला. बाई पण बरी आहे, उठून बसली होती म्हणाला.

पेढा मी खाल्ला.

मग मला लोटन आठवला. तो माझा भाऊ आहे म्हणून तुम्हाला त्याची दया यायला हवी होती असं नाही, पण तो मे महिन्याच्या उन्हात, उपाशी, नाशिकला तुमच्यापुढे येऊन उभा राहिला होता. त्यानं तिथल्या साहेबांचे पाय धरले. साहेब म्हणाले, चळवळीत पुन्हा भाग घेणार नाही असं दोन ओळींत लिहून द्यायला सांग, मी आज सोडतो. लोटननं तो कागद तुमच्यापुढे धरला. केसर अडली आहे, भिकुबाई सुईणीनं हात टेकले आहेत, कंद किती आणि कसा लावायचा हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, हे सगळं त्यानं सांगितलं. तुम्ही काय म्हणालात ते त्यानं घरी येऊन मला शब्दन् शब्द सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

तुम्ही म्हणालात, "माझ्या एका सहीनं सगळ्या तालुक्याची मान खाली जाईल."

आणि तो निघाला तेव्हा मागून हाक मारून म्हणालात, "सरकारी दवाखान्यात मात्र नेऊ नका. वैद्याची लेक त्यांच्या दारात गेली, तर मी इथे बसून मिळवलं काय?"

मग कंदाचं प्रमाण सांगितलंत. करंगळीच्या पेराएवढा, थंड पाण्यात उगाळून, दोन्ही तळपायांना आणि बेंबीखाली. लोटन ते विसरू नये म्हणून चाळीसगावपासून घरापर्यंत पुटपुटत आला.

केसरला दवाखान्यात न्यायला गाडी जुंपलेली होती. मी ती सोडायला लावली, कारण तुमचा निरोप होता.

सुंदरबाई


देवपूर
ता. १० सप्टेंबर १९३२

नमस्कार.

पोळा झाला, गणपती बसले. या वेळी आपल्याकडे आणला नाही.

अळ्या खाऊन खाऊन मातीत गेल्या तेव्हा वाटलं की सुटलो. पण मातीत त्या आपल्याभोवती घर करून झोपतात आणि थोड्या दिवसांनी पतंग होऊन वर येतात. फार सुरेख पतंग आहेत. पंखांवर काळं, लाल, पिवळं, पांढरं, छिटाचं कापड कापून चिकटवावं तसं. दिवसाढवळ्या पानावर बसून राहतात, उडायची घाई नाही. आणि उरलेल्या पानांखाली पुन्हा अंडी.

तोरणमाळची ओळ तेवढी राहिली आहे. उशिरा उगवली म्हणून वाचली असेल. पण आता नव्या अळ्या तिच्यावर चढल्या. भिकुबाई म्हणते की कंद वेळेवर उकरून काढले आणि त्यांना जे काय लावायचं ते लावून नीट ठेवले, तर पुढच्या साली त्यांतून पुन्हा बाग उभी राहील. कंद ओला काढला तर कुजतो हे मला ठाऊक आहे. तो कुजू नये म्हणून तुम्ही त्याला काय लावता, कशात ठेवता, हे मात्र मला ठाऊक नाही. कोठीचं दार आतून लावून तुम्ही ते करायचात. ते तुम्हालाच येतं. चुकीच्या हातानं केलं तर हीही ओळ जाईल, म्हणून मी माती उकरलेली नाही. पत्रात लिहू नका. निरोपावरून केलेलं काय होतं ते मी पाहिलं आहे.

तेच सांगते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

लोटनचा निरोप आला तसा मी कंद उगाळला. प्रमाण तुमचं होतं. लेप लावला आणि घटकाभरात बाळ आलं. रडलं. भिकुबाई म्हणाली मुलगी आहे. केसर हसली. मी देवाला हात जोडले आणि मनात तुम्हाला पण जोडले. मग भिकुबाईनं चादर वर केली. रक्त थांबत नव्हतं. आम्ही चिंध्या लावल्या, खाटेचं पायतं विटा घालून उंच केलं. केसर पांढरी होत गेली. तुम्ही आलात का ते तिनं विचारलं, "माय, आबा उनात का?"

मी म्हटलं, "येतच शेत."

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग तिनं विचारलं नाही.

दहाव्याच्या दिवशी भिकुबाई माझ्यासमोर बसून एकदम कपाळ बडवून घ्यायला लागली. तिला तेव्हा आठवलं. तुम्ही जिथे जिथे लेप द्यायचात तिथे बाळ रडल्याबरोबर दारामागून ओरडून सांगायचात, गरम पाण्यानं पाय धुवा, पोट धुवा, आधी ते करा. तिला वाटायचं की वैद्यबुवा सोवळ्याचे आहेत म्हणून सांगतात. लेप तसाच राहिला तर तो बाईला सोडत नाही, ओढतच राहतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. लोटनलाही नाही. तो लेप केसरच्या तळपायांवर तसाच वाळला होता. तिला आंघोळ घालताना मी तो नखानं खरवडून काढला.

तुम्हाला मी काही विचारत नाही. तुम्ही तिथे आहात. इथे तोरणमाळची ओळ आहे.

सुंदरबाई


देवपूर
ता. २८ सप्टेंबर १९३२

नमस्कार.

पत्र मिळालं. केसरच्या लेपाबद्दल तुम्ही लिहिलंत की निरोप देताना मन ठिकाणावर नव्हतं, ते सांगायचं राहून गेलं. समजलं.

त्याखाली तुम्ही विचारलंत, सुंदर, मी येऊ का. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही मला विचारून काही केल्याचं आठवत नाही. मी काय सांगू? तुमची शपथ तुमच्याजवळ आहे, तालुक्याची मान तुमच्याजवळ आहे. मी या म्हणत नाही आणि येऊ नका असंही म्हणत नाही.

शेवटच्या ओळीत आज सकाळी काही वेल हिरवे होते. एकाला कळी आली आहे.

सुंदरबाई


देवपूर
ता. १५ ऑक्टोबर १९३२

नमस्कार.

तुम्ही सही केलीत हे मला परवा कळलं. आधी कळलं नव्हतं म्हणून हे लिहायची मी थांबले होते. निंबाभाऊ संध्याकाळी आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "वैनी, वैद्यबुवांनी सरकारला लिहून दिलं असं नाशिकहून आलेला माणूस सांगतो. आम्ही त्याला मारायला उठलो होतो. खरं काय ते तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "खरं आहे. बागेला अळी लागली होती, म्हणून लिहून दिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे बाग दिसते ना ओट्यावरून. बराच वेळ ते तिकडे बघत उभे होते. मग हातातली टोपी त्यांनी डोक्यावर घातली आणि गेले. आता त्यांना काय दिसलं ते तुम्हालाही सांगते.

बाग हिरवी आहे. किल्ल्याखालची ओळ, नदीकडची ओळ, तोरणमाळची ओळ, सगळी. दसऱ्यापासून फुलं आहेत. खालून पिवळी, वर शेंदरी, आणि जुनी झाली ती लालभडक. येणारी जाणारी माणसं कुंपणापाशी थांबून बघतात. इतकी फुलं तुमच्या हातून कधी आली नव्हती असं इसाक म्हणतो. इसाक इथेच आहे. तो जळगावला कधी गेलाच नाही. मी त्याला काढलं नव्हतं.

अळी लागली हे खरं होतं. ज्या दिवशी त्यानं मला अंडी दाखवली, त्याच दिवसापासून आम्ही वेचायला बसलो. मी, इसाक, त्याची बायको सकीना, भिकुबाई. सूर्य वर यायच्या आत, पान उलटं करून, एकेक. उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन जायचो आणि त्यात टाकायचो. बोटांना हिरवट पिवळा रस लागायचा, तो राखेनंही जायचा नाही. ज्या मातीत गेल्या ती माती खुरप्यानं हलवून त्यांची घरं फोडली. जे पतंग वर आले ते ओल्या फडक्यानं झोडले. मला लवकर उठवत नाही असं लिहिलं होतं, पण या तीन महिन्यांत मी कधी उजाडल्यावर उठले नाही.

फक्त एक वेल मी त्यांना सोडून दिला होता. विहिरीमागचा, एकटा असलेला. त्याच्यावरची एकही अळी वेचू दिली नाही. इसाकला ते आवडलं नव्हतं. मी त्याच्यापाशी पाट टाकून बसायची आणि बघायची. आकडा आधी कसा खातात, वेल घसरतो कसा, दांडी आतून पोकळ होऊन मोडते कशी. मग घरात येऊन तुम्हाला लिहायची. तुम्ही झाडं जाणता, उगीच काही लिहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. त्यांचं खाणं मी जसं पाहिलं तसंच लिहिलं, फक्त एका वेलाचं सगळ्या बागेचं करून लिहिलं. तुम्हाला तिथून जेवढी पत्रं पाठवता येत होती ती सगळी तुम्ही मलाच पाठवलीत. लोटनला एखादं पाठवलं असतंत तर त्यानं खरं सांगितलं असतं. त्याला खोटं बोलता येत नाही.

तुम्ही म्हणाल, सूड घ्यायचा होता तर बाग खाऊ द्यायची होती. ते माझ्या मनात आलं होतं. पहिल्या दिवशी तेच आलं होतं. पण खरंच बाग गेली असती तर तुमच्या सहीला कारण उरलं असतं. लोक म्हणाले असते, बिचाऱ्याची उभ्या जन्माची मेहनत गेली, माणूस खचला. तुम्हीही मनाला तेच सांगितलं असतंत आणि काही दिवसांनी ते तुम्हाला पटलं असतं. तेवढंही मला ठेवायचं नव्हतं. लोकांनी बागेकडे बघावं आणि मग तुमच्याकडे बघावं.

लेकीसाठी तुमची सही झाली नाही. त्याच कागदावर झाडांसाठी झाली. ही माझी पत्रं तिथला कारकून उघडून वाचतो, तेव्हा हे त्यालाही कळलं असेल. त्याला काय वाटलं असेल हे कधी कधी माझ्या मनात येतं. मी तुम्हाला या म्हटलं नव्हतं. पत्रं तुमच्याजवळ असतील तर परत वाचून बघा.

आता घरचं. पोरीला पहिल्यापासून सकीनाचं दूध आहे. तिचा धाकटा एका बाजूला आणि ही एका बाजूला. शिंदखेड्याला कळलं तर ते कधीच न्यायचे नाहीत, म्हणून मीच कळवलं. जावयांचं दिवाळीनंतर लग्न आहे. पोरीचं बारसं श्रावणात झालं. काय नाव ठेवलं ते इथे लिहीत नाही. तुम्हाला हवं तर ती बोलायला लागल्यावर तिला विचारा.

कंद या साली मीच काढणार. भिकुबाई आणि मी बघू कसे टिकतात ते. कुजले तर पुढच्या साली पुन्हा लावू. जी बाई अडेल तिच्या घरी भिकुबाई जाईल, आणि गरम पाणी आधी चुलीवर चढवेल. तेवढ्यानंही नाही झालं तर गाडी पुलावरून दवाखान्यात जाईल. कोठीच्या दाराची आतली कडी मी काढून टाकली आहे.

गुरुवारी सोडणार असं निंबाभाऊंच्या माणसाकडून कळलं. धुळ्याला गाडीतून उतराल तेव्हा स्टेशनावर कुणी नसेल. लोटननं येतो म्हटलं होतं, मी त्याला नको म्हटलं. सामान थोडंच असेल, चालत या. गावातून यावं लागेल, पेठेतून. वाटेत ओळखीचे लोक भेटतील. पुलावर आलात की बाग दिसायला लागेल, फुलं लांबूनही ओळखू येतात.

मी माहेरी जाईन असं तुम्हाला वाटलं असेल. लोटनही मला चल म्हणत होता. मी कुठे जाणार नाही. तुमचं जेवण करीन, कपडे धुवीन, आजारी पडलात तर उशाशी बसेन. गावातले लोक तुमच्याशी बोलायचे बंद होतील तेव्हा घरात बोलायला मी असेनच. सकाळी तुम्ही बागेत जाल तेव्हा ओट्यावर मी असेन, पोरीला मांडीवर घेऊन. रोज असेन.

पाय धुवायला पाणी तापवून ठेवते.

सुंदरबाई